प्रति: चहातून गोळी? नको हो ताई

वर एका ताईंनी विचारलंय, नवऱ्याला न सांगता चहातून दारू सोडवायची गोळी दिली तर चालेल का. ताई, अजिबात नको. आमच्या मामींनी हेच केलं होतं, कळव्याला राहत असताना. मामा नेहमीप्रमाणे पिऊन आले आणि अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, ओकाऱ्या, छातीत धडधड. रिक्षात घालून न्यावं लागलं.

ती गोळी म्हणजे डायसल्फिरॅम. १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये तिचा हा गुण लक्षात आला. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन होतं, ते पुढे मोडणाऱ्या एन्झाइमलाच ही गोळी अडवते, मग ते साठून मामांसारखा त्रास होतो. बंद केल्यावरही असर २ आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून पिणाऱ्याला सांगून, लिव्हर आणि हृदय तपासूनच देतात.

मामांना नंतर मानसोपचारतज्ज्ञांनी नाल्ट्रेक्सोन दिलं. त्यात दारू प्यायल्यावर तसा त्रास होत नाही, पिण्यातली मजाच कमी होते. (अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील तर मात्र ते चालत नाही.) दारू सोडवायला अकॅम्प्रोसेट नावाचं औषधही आहे, पण दिवसातून ३ वेळा गोळ्या, त्यात मामा म्हणजे बीपीची एक गोळी विसरणारे!

आणि रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. २-३ दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. आधी ॲडमिट करून थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) वगैरे देतात, गोळ्यांचं त्यानंतर. खाजगी परवडत नसेल तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत दाखवा. शक्यतो नवऱ्याला सोबत घेऊनच जा.