मदत हवी आहे: ऐच्छिक विषय कोणता घेऊ, व्हिडिओ एडिटिंग की संख्याशास्त्र?

नमस्कार मंडळी,

पदवीच्या आधीचा एक वर्षाचा माध्यम-संज्ञापनाचा फाउंडेशन कोर्स करते आहे. पुढे बातमीदारीच करायची, हे पक्कं आहे. लेखन, माध्यमांचा इतिहास, संज्ञापन सिद्धांत हे विषय सक्तीचे आहेत. ऐच्छिक मात्र एकच घेता येतो आणि तिथेच माझं अडलंय.

वर्गातले बहुतेक जण एडिटिंग घेताहेत. दाखवण्यासारखं काम हाताशी राहतं, हे मलाही पटतं. पण सिद्धांताच्या तासाला अजेंडा सेटिंग (माध्यमं ज्या प्रश्नांना जास्त जागा देतात, तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात, हा सिद्धांत) शिकवलं आणि मी घुटमळले. १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅकोम्ब्ज आणि शॉ या संशोधकांनी अमेरिकेतल्या चॅपल हिल गावातल्या, मत पक्कं न झालेल्या १०० मतदारांना विचारलं की तुम्हाला कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात. दुसरीकडे, त्यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या माध्यमांनी कोणत्या प्रश्नाला किती जागा दिली, ते मोजलं. दोन्हींचा क्रम जवळजवळ जुळला. १९७२ साली हे छापून आलं. एवढं मोठं विधान करण्याआधी कुणीतरी बसून एकेक बातमी मोजली, हे मला फार भावलं. असं काम मलाही यायला हवं, असं मनापासून वाटतं. पण गणित सोडून बराच काळ झाला. झेपेल का?

दुसरी अडचण लेखनाची. उलटा पिरॅमिड (सगळ्यात महत्त्वाचं आधी, बाकीचं उतरत्या क्रमाने) समजला, पण कोण, काय, कधी, कुठे, का, कसं हे सगळं पहिल्याच वाक्यात कोंबलं की वाचणाऱ्याला धाप लागते. काय ठेवायचं आणि काय मागे ढकलायचं, हे कसं ठरवता?

प्रतिसाद १

संख्याशास्त्र घे. बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून मथळे देण्याचं काम केलंय, म्हणून ठामपणे सांगतो. बेरोजगारीचा दर ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला, तर 'बेरोजगारी २ टक्क्यांनी वाढली' लिहायचं की '५० टक्क्यांनी'? आधीच्या दराच्या मानाने वाढ ५० टक्के आहे. २ हा दोन टक्केवारींमधला फरक. कोणता आकडा कशाचा आहे, ते वाचकाला कळलं पाहिजे. मतदानपूर्व चाचणीचंही तसंच. १००० जणांचा यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकाव्यात तसा, कुणालाही मुद्दाम न निवडता घेतलेला) नमुना असेल तर साधारण ३ टक्के इकडेतिकडे धरावे लागतात. मग दोन उमेदवारांत २ टक्क्यांचा फरक दिसला म्हणून 'आघाडी' असा मथळा देता येत नाही. याला लागणारं गणित शाळेतलंच आहे, नक्की झेपेल.

लीडचं, म्हणजे बातमीच्या सुरुवातीचं म्हणशील तर पहिल्या वाक्यात 'काय झालं' आणि ते कुणाला लागू आहे, एवढंच. समज, सभेचं लांबलचक इतिवृत्त आहे आणि वर्गणीचा ठराव शेवटच्या पानावर आहे. सुरुवात अशी कर: 'संस्थेच्या सर्व सदस्यांची वर्गणी पुढील वर्षापासून २० टक्क्यांनी वाढणार आहे.' का वाढली, ते दुसऱ्या वाक्यात. सभा किती वाजता सुरू झाली, ते बहुतेक वेळा लागतच नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण एडिटिंगला नुसती हातोटी समजू नकोस. मुलाखतीतलं मधलं वाक्य कापून त्या जागी हातांचा किंवा खोलीचा शॉट टाकला की कट दिसतच नाही आणि माणसाच्या तोंडी त्याने न म्हटलेला अर्थ जातो. ते ओळखण्यापुरतं तरी एडिटिंग यावंच. फोनवर पाच मिनिटांची मुलाखत घे, ती एका मिनिटावर आण आणि ज्याची घेतलीस त्यालाच दाखवून विचार, 'तुम्ही हेच म्हणाला होतात ना?'

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. संख्याशास्त्राचा अर्ज उद्याच भरते. एकच विचारते: मुलाखतीचा सराव करताना आवाज फोनवरच घेतला तर चालेल ना, की वेगळा माइक हवाच?

प्रतिसाद २

सुरुवातीला फोन पुरे. फक्त तो बोलणाऱ्याच्या जवळ ठेव आणि पंखा बंद कर. चित्र थोडं हललं तर लोक बघतात, पण आवाज नीट नसेल तर लगेच पुढे सरकवतात.