मुलगी शाळेतून जपानला चाललीये, शाकाहारी आहे, होस्ट फॅमिलीकडे कसं जमेल?

सिंहगडरोड_आई:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज. लेक नववीत आहे, दोन वर्षं झाली जपानी शिकतीये आणि दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या एक्स्चेंज ट्रिपला तिचं सिलेक्शन झालंय. दहा दिवस, मुक्काम ओकायामाला, त्यातल्या चार रात्री होस्ट फॅमिलीकडे, तीन दिवस तिथल्या मुलांबरोबर शाळेत बसायचं आणि एक दिवस हिरोशिमा. आमच्या घरातून एवढ्या लांब एकटं कोणीच गेलेलं नाही, आनंद आहेच पण पोटात गोळाही आलाय.

मेन काळजी खाण्याची. आम्ही शाकाहारी. अंडं ती केकमधलं खाते, ऑम्लेट वगैरे पण चालतं. शाळेच्या फॉर्मवर एकच रकाना होता त्यात व्हेजिटेरियन लिहून दिलं आणि मोकळे झालो. काल मीटिंगमध्ये एक पालक म्हणाले की तिकडे सूपमध्ये, भाजीत, सगळ्यात माशाचं पाणी असतं आणि त्यांना ते नॉनव्हेज वाटतच नाही. खरंय का हे? सासूबाईंनी दशम्या, चटण्या, मेतकूट सगळं बांधून द्यायचं ठरवलंय, पण पाहुणी म्हणून जायचं आणि त्या बाईंनी केलेलं बाजूला सारून आपला डबा उघडायचा हे मला पटत नाही. पोर बुजरी आहे, मागून घेणार नाही, उपाशी झोपेल. आणि भेट काय न्यायची तेही सांगा.

एनथ्री_कोथरूड:
काकू, मी अकरावीत असताना अशाच ट्रिपला गेलो होतो, मी पण शाकाहारी. त्या पालकांनी सांगितलं ते खरंय. त्याला दाशी म्हणतात, आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशीची असते, म्हणजे वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप उकळून काढलेलं पाणी. मिसो सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, सोबा नूडल्सबरोबरचं सॉस, शिजवलेल्या भाज्या, इनारीचा (आत भात भरलेला) तळलेला टोफू, सगळीकडे ती असते. आणि जे मला तिकडे गेल्यावर कळलं ते म्हणजे जपानी करी, नुसत्या बटाटा गाजराची केली तरी तिच्या तयार मसाल्याच्या वडीत बऱ्याचदा गाईची नाहीतर डुकराची चरबी असते, त्यामुळे व्हेज करी दिसली म्हणून लगेच घेऊ नका.

पण उपाशी वगैरे राहणार नाही ती. भात असतो, टोफू, एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, भाजलेलं रताळं, फळं, ब्रेड, अंडं चालतं म्हटल्यावर तर खूप सोपं. शाळेत जेवण मिळालं तर त्याबरोबर दूध असतंच. मी पहिल्या रात्री लाजून काही बोललो नाही, सूपची वाटी समोर तशीच ठेवली आणि त्या काकूंचा चेहरा इतका पडला की मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी वहीतून वाचून दाखवलं तर त्या लगेच उठून दुकानातून कोंबू घेऊन आल्या. कोंबू म्हणजे समुद्री वनस्पती, तिची पण दाशी होते आणि चवीला छान लागते. त्यानंतर रोज माझ्यासाठी वेगळं छोटं पातेलं. आधीच सांगितलं असतं तर त्यांची पहिली रात्र तरी वाईट गेली नसती, हे मला आजही लागतं.

डेक्कन_बाबा:
माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. चार रात्रींचा प्रश्न आहे, पाण्यात मासा उकळलाय की नाही एवढं बघत बसलं तर मुलगी जेवणाच्या टेबलावर नुसती परीक्षा दिल्यासारखी बसेल. तिला मांस मासा दिसेल ते नको म्हणायला शिकवा, बाकी सोडून द्या. आमच्या मुलाने तसंच केलं आणि तो मजेत राहिला.

जपानी_शिकवते:
मी पुण्यात बरीच वर्षं जपानी शिकवतेय, आणि डेक्कन_बाबा, तुमच्या घरी चाललं ते ठीकच, पण हा निर्णय मुलीचा आहे. तिला चालत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर तिने गप्प बसून गिळावं हे मला मान्य नाही. तिकडच्या शाळांना मुलांच्या ॲलर्जीची काटेकोर नोंद ठेवायची सवय असते, महिन्याचा मेनू आधी छापून घरी देतात, त्यामुळे आधी कळवलेल्या गोष्टीचा त्यांना त्रास वाटत नाही. ऐनवेळी ताटासमोर कळलं की त्रास होतो.

ताई, व्हेजिटेरियन हा शब्द पुरत नाही. तुमच्या शिक्षकांमार्फत होस्ट घराला आणि शाळेला, दोघांना पत्र पाठवा, त्यात काय चालत नाही ते एकेक पदार्थाच्या नावाने लिहा आणि त्याच्या दुप्पट ओळी काय चालतं त्याच्या लिहा. नुसती नकारांची यादी वाचून समोरची बाई घाबरते, भात, टोफू, मशरूम, अंडं, चीज, कोंबूची दाशी असं वाचलं की तिच्या डोक्यात लगेच मेनू तयार होतो. आणि मुलीकडून ही वाक्यं पाठ करून घ्या, निकु मो साकाना मो ताबेमासेन, म्हणजे मांसही खात नाही मासेही खात नाही. तामागो वा दाइज्जोबु देसु, म्हणजे अंडं चालेल. मराठी मुलांना हे जड जात नाही हो, आपल्यासारखंच क्रियापद शेवटी येतं.

औषधांचं पण बघा. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्युडोएफेड्रिन असतं, ते १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये नेताच येत नाही. डॉक्टरांनी दिलेली नेहमीची औषधं एक महिन्यापुरतीच न्या. आणि दिवाळीत सीताफळांचा सीझन असतो म्हणून कोणी प्रेमाने पिशवीत घालेल, तर नको, तपासणीच्या दाखल्याशिवाय ताजी फळं विमानतळावरच काढून घेतील.

कर्वेनगर_मावशी:
मी उलट्या बाजूने सांगते. दोन वर्षांपूर्वी ओकायामाहून मुलं पुण्यात आली होती तेव्हा एक मुलगी आमच्याकडे पाच दिवस राहिली. मी आपली पोळी वाढली, भाजी वाढली, अजून घे म्हटलं की ती म्हणायची दाइज्जोबु. मला वाटायचं चालेल म्हणतीये, म्हणून मी वाढायचे. ती बिचारी पानातलं सगळं संपवायची, पान रिकामं दिसलं की मी परत वाढायचे. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं तिचं, आणि मग त्यांच्या शिक्षिकेने मला हळूच सांगितलं की दाइज्जोबु म्हणजे कधीकधी नको, पुरे असं असतं. मला इतकं वाईट वाटलं. आपला आग्रह आणि त्यांचं पानात काही न टाकणं, दोन्ही चांगलंच, पण एकत्र आलं की पोरीचे हाल. म्हणून तुमच्या लेकीला आधीच सांगून ठेवा, नको असेल तर हाताने पण दाखव, संकोच करू नको.

त्याच मुलीला आम्ही सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात नेलं, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय ना. ती पुलावर उभी राहून पाण्याकडे बराच वेळ बघत होती, मग म्हणाली की लहानपणी शाळेच्या सहलीला कोराकुएनमध्ये गेले होते. घर सोडून आल्यापासून ती पहिल्यांदा एवढं बोलली. तुम्ही तर जवळच राहता, लेकीला जायच्या आधी तिथे घेऊन जा, फोटो काढा, तिकडच्या घरी दाखवायला. कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली, जपानच्या तीन नावाजलेल्या बागांमधली एक आहे, तिथे करकोचे पाळलेत. बोलायला विषय मिळतो, बुजऱ्या मुलांना तेच हवं असतं.

भेट म्हणाल तर बाकरवडी न्याच, पण दिवाळी आहे तर घडी घालता येणारा कागदी आकाशकंदील न्या, किंवा अजून बरं, कामट्या न नेता नुसते घोटीव कागद आणि दोरा न्या आणि तिथल्या मुलांबरोबर बसून करा. तुमच्या अंगणातल्या किल्ल्याचे फोटो पण. भेट दोन्ही हातांनी द्यायची, आणि त्यांनी लगेच उघडली नाही तर वाईट वाटून घ्यायचं नाही.

एनथ्री_कोथरूड:
एक राहिलं, अंघोळ. टबच्या बाहेर साबण लावून पूर्ण धुवायचं आणि मग स्वच्छ होऊन गरम पाण्यात बसायचं, त्याच पाण्यात नंतर घरातले सगळे बसतात, म्हणून निघताना बूच काढायचं नाही. टॉयलेटच्या चपला वेगळ्या असतात, त्या घालून खोलीत यायचं नाही. आणि चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, ते गेलेल्या माणसासाठी करतात, आपल्याकडे पिंडाचा भात असतो तसं समजा.

सिंहगडरोड_आई:
काय लिहू, तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून सांगितलंत. लेकीला सगळं वाचून दाखवलं. दाशीचं तिला विचारलं तर म्हणाली मला नकोय आई, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून मी खाल्लं असतं. म्हणजे विचारलं ते बरं झालं. आज आम्ही दोघी पत्र लिहायला बसलो. दशम्या सासूबाई देतीलच, पण त्या हिरोशिमाच्या दिवशी प्रवासात खायच्या असं ठरलंय, होस्टच्या घरी मेतकूट फक्त चवीला द्यायचं. हिरोशिमासाठी पण काही न्यायचं असतं का?

जपानी_शिकवते:
कागदाचे करकोचे घेऊन जा. पीस मेमोरियल पार्कमध्ये सादाको सासाकी या मुलीच्या आठवणीत उभारलेलं मुलांचं स्मारक आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, पुढे रक्ताचा कॅन्सर झाला आणि १९५५ मध्ये बारा वर्षांची असताना गेली. हजार करकोचे घडले की इच्छा पूर्ण होते असं तिकडे मानतात, म्हणून दवाखान्यात ती कागदाचे करकोचे घडत होती. जगभरातून शाळेतली मुलं माळा पाठवतात, तिथे काचेच्या कपाटांमध्ये त्या टांगलेल्या असतात. हजार नाही झाले तरी चालतील, बारा मुलांनी पन्नास पन्नास केले तरी छान माळ होते. ओकायामाहून शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासात पोचतील, पण जायच्या आधी तिच्याशी याबद्दल घरी बोला, म्युझियममध्ये मुलं रडतात, तिला माहीत असू दे की रडणं ठीक आहे.

सिंहगडरोड_आई:
आजच कागद आणते. पत्राचं एकच विचारते, शेवटी तिने सुमिमासेन लिहिलंय, तुम्हाला त्रास देतोय म्हणून माफी असं. चालेल ना?

जपानी_शिकवते:
एकदा आलं तर चालेल, पण शेवट त्यावर नको. योरोशिकु ओनेगाइशिमासु लिहा, म्हणजे साधारण कृपया सांभाळून घ्या, आणि तिच्याच हाताने हिरागाना या जपानी लिपीत लिहू दे. अक्षर वाकडं असलं तरी राहू दे.