धुऱ्याचं भांडण आणि ३०२
वर एका भाऊंनी लिहिलं, 'रागात मारलं तर खून धरत नाहीत.' असं सरसकट नसते जी. आपल्याकडचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद घ्या. वखरताना दोन तास (वखराच्या ओळी) इकडे सरकले, शिवीगाळ झाली, हातातल्या काठीचा एकच फटका बसला नि माणूस गेला, तर खुनाच्या कलमातला अचानक भांडणाचा अपवाद मागता येतो. मग भारतीय न्याय संहितेचं (नव्या फौजदारी कायद्याचं) कलम १०५, सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनापेक्षा हलका गुन्हा. पण पडलेल्यावरही वार करत राहिला तर तो अपवाद हातचा गेला. आणि घरी जाऊन कुऱ्हाड आणली, मग तर राग निवायला वेळ होता असंच कोर्ट म्हणेल. नानावटी खटल्यात (नौदल अधिकाऱ्यानं बायकोच्या प्रियकराला गोळी घातली तो) १९६१ साली सुप्रीम कोर्टानं हेच धरलं, जन्मठेप कायम राहिली. बाकी १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचंच ३०२ (खून) नाहीतर ३०४ (सदोष मनुष्यवध) लागते.