एकट्याने जुन्या डोंगरी रानातून दिवसभराची चाल: वेळ किती धरायचा, वाट कशी राखायची?

पायपीट

नमस्कार मंडळी. डोंगरात भरपूर फिरलोय, पण कायम चार-पाच जणांबरोबर आणि बहुतेक वेळा उघड्या धारेवरून. आता पहिल्यांदाच एकट्याने जायचं ठरवतोय. निवडलेली वाट कधीही तोड न झालेल्या जुन्या जंगलातून जाते. जाऊन-येऊन १४ किमी, चढ ९०० मीटर, माथा गाठून त्याच वाटेने परत. मुक्काम नाही.

एक म्हणजे, वेळ किती धरू? उघड्या डोंगरावर माझा अंदाज सहसा चुकत नाही, पण दाट झाडीत तो लागू पडेल असं वाटत नाही. दुसरं, वाट सुटली तर? उघड्यावर समोरची सोंड, मागची खिंड, दरीतलं पाणी, काहीतरी नजरेत असतं. झाडीत पन्नास पावलांपलीकडचं दिसणार नाही. फोनमध्ये नकाशा आहेच, पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवावी का?

आणि मनातलं विचारतो: तिथे जाऊन नेमकं बघायचं काय? मला झाडांची नावंही येत नाहीत.

मोजपट्टी

वेळेपुरतं सांगतो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही वापरतात: सपाटीवर तासाला साधारण ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. तुमच्या वाटेला ते सव्वाचार तास येतात. पण हे धडधाकट माणसाने चांगल्या वाटेवरून न थांबता चालायचे तास झाले. मुळं, आडवी खोडं, ओला पाचोळा असलेल्या रानात मी दीडपट धरतो, म्हणजे साडेसहा. खाणं-बसणं धरून आठ.

त्या हिशेबात उताराला वेगळा वेळ नाही, हे ध्यानात ठेवा. ओल्या मुळांवरून उतरताना चढण्याइतकंच जपून पाऊल टाकावं लागतं.

जपानच्या याकुशिमा बेटावर जोमोन सुगी नावाचं प्रचंड जुनं झाड आहे. तिथवर जाऊन यायला सुमारे २२ किमी आणि दहा तास धरतात. त्यातला बराचसा भाग लाकूड वाहून आणायला टाकलेल्या जुन्या रुळांवरून, जवळजवळ सपाट आहे. तरीही लोक पहाटे अंधारात निघतात. तेव्हा लवकर निघा आणि माघारी फिरायची वेळ घरूनच ठरवून जा.

रानभुली

पायपीट, तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. बाकीच्या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात, म्हणून आधी तेच घेते.

जुन्या रानात माथा गाठायला जाऊ नका. रान बघायला जा. माथा डोक्यात असला की माणूस घड्याळाशी भांडतो, 'आलोच आता' म्हणत पुढे रेटतो आणि परतीच्या वाटेवर उजेड संपतो. दाट सदाहरित झाडीत वर पडलेल्या उजेडातला एक-दोन टक्केच जमिनीपर्यंत उतरतो. सूर्य मावळायच्या कितीतरी आधी पायाखालचं दिसेनासं होतं. सूर्यास्त साडेसहाचा असेल तर साडेचारला झाडीबाहेर यायचं असं धरा. उतरायला साडेतीन तास ठेवले तर एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं. माथा वीस मिनिटांवर असला तरी. एकटं जायचं तर ही एक गोष्ट मी कुणालाही सोडू देणार नाही.

आता बघायचं काय. झाडांची नावं येत नसली तरी बिघडत नाही, पहिल्या दिवशी खाली बघत चाला. जमीन उंचसखल लागेल: एक खड्डा आणि त्याच्या शेजारीच एक टेकाड, पुन्हा थोड्या अंतरावर तसंच. कधीकाळी वादळात झाड मुळासकट उपटलं, त्याच्या मुळांबरोबर माती उचलली गेली. मुळं कुजली आणि ती माती तिथेच ढीग होऊन बसली. या खुणा काही शतकं टिकतात. नांगर फिरलेल्या जमिनीवर नंतर जंगल वाढलं, तर तिथे त्या पुसलेल्या असतात. म्हणजे बुंध्यांची जाडी न मोजताही पायांनाच कळतं की हे रान जुनं आहे.

मग एखादं आडवं पडलेलं मोठं खोड शोधा आणि त्याच्याजवळ उकिडवं बसा. घाई करू नका. वर शेवाळ असेल आणि शेवाळात बोटभर उंचीची रोपं एका ओळीत उगवलेली असतील. खाली पाचोळ्याच्या थरात बी रुजायला जागा मिळत नाही, सावलीही दाट असते. खोडावर ओल टिकते आणि थोडी उंची मिळते. पुढे त्या रोपांची मुळं खोडाला कवटाळून जमिनीत उतरतात. खालचं खोड कुजून संपलं की मुळांखाली पोकळी राहते. एका रांगेत उभी, मुळांच्या पायांवर तोललेली झाडं दिसली, तर त्यांच्याखाली पूर्वी काय आडवं पडलं होतं ते ओळखा.

त्याच खोडाचा सुटून पडलेला तुकडा हातात घ्या. तो तपकिरी असेल आणि चौकोनी ठिकऱ्या होऊन चुरत असेल, तर तिथल्या बुरशीने सेल्युलोज, म्हणजे लाकडातला फिकट तंतूंचा भाग, खाऊन लिग्निन, म्हणजे तंतूंना घट्ट बांधणारा तपकिरी भाग, मागे ठेवलंय. पांढुरका, ओलसर आणि तंतू-तंतू होणारा असेल, तर बुरशी वेगळी, ती लिग्निनही फोडते. एकाच रानात दहा पावलांच्या अंतरावर दोन्ही सापडतात. बघून झालं की तुकडा होता तसा, त्याच बाजूने परत ठेवा, त्याच्याखाली कुणीतरी राहत असतं. मेलेलं लाकूड म्हणजे कचरा, असं मनात असेल तर ते तिथेच सोडून या. जुन्या रानाचं जुनेपण जितकं उभ्या झाडांत आहे, तितकंच या आडव्यांत आहे.

दगडांवर आणि सालींवर दगडफूल दिसेल. दगडाला चिकटून पसरणारे त्याचे काही प्रकार वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. तळहाताएवढा ठिपका तुमच्या-माझ्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो. त्याच्यावर बूट घासू नका, एवढंच मागणं.

असं बघत गेलात तर चाल आपोआप मंदावेल, म्हणून मोजपट्टींचा दीडपट हिशेबही मला कमी वाटतो. दुप्पट धरा. माथा राहिला तर राहिला.

आडवाट

छान लिहिलंय. वाट हरवण्याबद्दल माझं मत सोपं आहे. गोंधळ झाला की ओढा शोधायचा आणि त्याच्या कडेने खाली उतरायचं. पाणी कुठेतरी वस्तीला लागतंच. आमच्या ग्रुपमध्ये सगळे हेच सांगतात.

रानभुली

आडवाट, हा सल्ला मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय, आणि डोंगरात एकट्या माणसाला तो देऊ नये असं मला कळकळीने वाटतं. पाणी सगळ्यात तीव्र उताराने खाली जातं. ओढ्याची घळ होते, घळीचा कडा होतो. चार पायऱ्या उड्या मारून उतरलात आणि पुढे धबधबा लागला, तर खाली जाता येत नाही आणि मागे चढताही येत नाही. शेवाळलेल्या धोंड्यांवर पाय मुरगळायला वेळ लागत नाही. पाण्याच्या आवाजात तुमची हाकही बुडते.

वाट सुटल्याचं लक्षात आलं की पहिल्यांदा थांबायचं. खाली बसायचं, पाणी प्यायचं, घड्याळ बघायचं. शेवटची खात्रीची खूण किती मिनिटांपूर्वी दिसली ते आठवायचं आणि आल्या पावली तिथवर जायचं. आल्या पावली जाता येत नसेल तर बसल्या जागी राहायचं. 'सरळ गेलो की लागेलच वाट' हा भरवसा खोटा आहे. जर्मनीत केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात माणसांना मोठ्या सपाट जंगलात सरळ चालत राहायला सांगितलं होतं आणि त्यांचा माग जीपीएसवर नोंदवला होता. सूर्य दिसत होता तेव्हा ती बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाळ दिवशी मात्र गोल फिरू लागली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली आणि त्यांना ते कळलंही नाही. चकवा लागतो तो असा. त्यात भित्रेपणा नाही की अडाणीपणा नाही, बाहेरची खूण नसली की कुणाचाही देह वळतो.

म्हणून खुणा आपण गोळा करायच्या. वाटेला फाटा आला की चार पावलं पुढे जाऊन मागे वळायचं आणि परतताना ही जागा कशी दिसेल ते बघायचं. जाताना आणि येताना एकच जागा ओळखू येत नाही इतकी वेगळी दिसते. मी तिथे मागे तोंड करून एक फोटो काढते, फोटोत वेळ आपसूक नोंदली जाते. शिवाय मोठ्याने बोलते: 'दुबेळक्याचं झाड, डावी वाट'. एकटं असताना तोंडाने म्हटलेलं जास्त लक्षात राहतं.

मोजपट्टी

फोनबद्दल थोडं. नकाशा घरूनच उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर ठेवा. रेंज शोधण्यातच बॅटरी उडते, आणि जीपीएस त्या मोडमध्येही चालतं. मात्र दाट पानोळ्याखाली किंवा अरुंद घळीत उपग्रहांचा संदेश अडतो, परावर्तित होतो आणि नकाशावरचा ठिपका इकडे-तिकडे उड्या मारतो. एका ठिपक्यावर विश्वासून वाट सोडू नका. जरा मोकळी जागा बघून दोन मिनिटं थांबा, तो स्थिरावू द्या. कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ असू द्या.

आणखी एक: दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. तुमच्या ९०० मीटरला जवळपास सहा अंश झाले, त्यात घामाने भिजलेला सुती शर्ट आणि वारा. कोरडा कपडा प्लास्टिकमध्ये बांधून न्या.

सावरी

मीही एकटी जाते. दोन गोष्टी जोडते. वारा सुटला असेल तर जुन्या रानात बसायची जागा वर बघून निवडा. वठलेली झाडं आणि फांद्यांत अडकून राहिलेल्या तुटक्या फांद्या तिथे जास्त असतात, आणि पडताना त्या आवाज देतीलच असं नाही. आणि शिट्टी गळ्यात ठेवा, पिशवीत नको. पाय घसरला तर पिशवी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे असता. आल्प्समधली जुनी खूण बऱ्याच ठिकाणी ओळखतात: मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. मिनिटात तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर ते उत्तर.

पायपीट

सगळ्यांचे मनापासून आभार. माथ्याचा हट्ट सोडला, एक वाजता माघारी. खोडांजवळ बसण्यासाठी सकाळी तासभर लवकर निघतो. एकच राहिलं: बायकोला काळजी वाटतेय. 'संध्याकाळपर्यंत येतो' एवढं सांगून निघणं मला बरोबर वाटत नाही. तिला नेमकं काय सांगून जाऊ?

रानभुली

सांगू नका, लिहून द्या. कुठून आत शिरणार, कोणत्या वाटेने जाणार, कुठून बाहेर येणार, अंगात कोणत्या रंगाचा शर्ट आहे. मग दोन वेळा लिहा. साडेचार ही बाहेर यायची वेळ. दुसरी, समजा साडेसात, तोवर तुमचा फोन आला नाही तर तिने वनखात्याला किंवा बचाव पथकाला कळवायचं. ते नंबर तिच्या हातात आधीच द्या. मधल्या तीन तासांत फोन लागला नाही तरी घाबरायचं नाही, आणि साडेसात वाजले की 'अजून थोडी वाट बघू' म्हणायचं नाही, हे दोघांनी बसून आधीच ठरवा. तिच्या देखत ठरलं की तिचीही काळजी बरीच हलकी होते. आणि बाहेर आल्या आल्या, बूट सोडायच्या आधी, तिला फोन करा.