रिचार्ज बंद करून फ्री डिश लावू का? (आमच्या घरी सिरीयल मी पाहतो, मॅच बायको पाहते)

जुना केबलवाला, दर्यापूर तालुका

राम राम मंडळी. प्रश्न एका ओळीचा हाय, पण त्याच्या मागची कहाणी लांब हाय. ज्याले घाई असन त्यानं शेवटचा परिच्छेद वाचावा.

डिशचा रिचार्ज आमच्या घरी महिन्याले साडेतीनशेच्या घरात जाते. परवा बायको म्हणे, हे बंद करा अन् सरकारी फ्री डिश लावा. एकदा पैसे द्या, मंग महिन्याची कटकट नाही, भारताच्या मॅचा डीडी स्पोर्ट्सवर फुकट. बरोबर हाय तिचं. पण तिच्या मॅचा दिसतीन अन् माझ्या सिरीयली जातीन, त्याचं काय?

हासू नका. आमच्या घरी गंगा उलटीच वाहते.

१९९६ पासून अठरा वर्षं मी गावात केबल चालवली. सव्वाशे कनेक्शन, घराच्या धाब्यावर डिशच्या चार छत्र्या, अन् तार तुटाले काही कारण लागत नव्हतं. पऱ्हाट्याची बंडी रस्त्यानं गेली का तार गेली, माकडं आली का तार गेली. मॅचच्या वक्ती गेली तं माणसं शिव्या देत अन् तार जोडली का विसरून जात, स्कोर काय, रेडिओवरही समजे. सिरीयल गेली तं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी बाया दारात. "भाऊ, काल काय झालं?" सारा कंट्रोल माझ्या घरी, म्हणून तार कुठंही तुटो, माझ्या टीव्हीवर चित्र असेच. मंग मले पाहा लागे अन् सांगा लागे. असा मी या नादाले लागलो. धंदा म्हणून सुरू केलं, आता सुटत नाही.

'चार दिवस सासूचे' मी अशीच धरली. २००१ ले सुरू झाली, २०१३ ले संपली, तीन हजाराच्या वर भाग. माय २००९ मधी गेली, तवाही ती चालूच होती. शेवटी शेवटी मायले दिसत नव्हतं, नुसतं ऐके. बाजीवर भिंतीकडं तोंड करून पडलेली असे. रोहिणी हट्टंगडीचा आवाज आला का मान टीव्हीकडं वळवे. औषधाले हाक मारली तं वळत नव्हती.

आता कोणी म्हणन, सिरीयलवाले पाणी घालतात. घालतातच. 'होणार सून मी ह्या घरची' मधल्या जान्हवीचे दिवस इतके लांबले का तेवढ्यात आमची म्हैस गाभण राहून, व्यायली अन् आटली. पण माझी खरी तक्रार वेगळी हाय. सिरीयलीत कोल्हापूरचा राणा झाला, साताऱ्याचा फौजी झाला, कोकणातलं भूत झालं. आमचं वऱ्हाड कुठं हाय? 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली राधिका नागपूरची दाखवली, तवा गावातल्या बाया लय खुश झाल्या. अनिता दाते मूळची नाशिकची, पण तिनं बोली चांगली धरली, तिच्यावर बोट नाही. पण २०१७ ले गुलाबी बोंडअळीनं आमची पऱ्हाटी खाल्ली, त्या सालीही राधिका शहरात मसाले इकत होती. तिच्या माहेरचा एखादा फोन तरी यावा ना, का बाई, यंदा काही हाती लागलं नाही. मले तं असा भाग आठवत नाही. आमच्या जिल्ह्याचे विनोदी नट भारत गणेशपुरे बोलले का सारा महाराष्ट्र हासते. चांगली गोष्ट हाय. पण वऱ्हाडी बोलीत कोणी रडलेलं टीव्हीवर दिसत नाही.

आता बायकोचं. तिचं माहेर काटोलकडचं. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूरच्या व्हीसीए मैदानावर न्यूझीलंड. ग्रामपंचायतीचा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, समोर सारे पोट्टे अन् त्यायच्यात ही एकटी पोरगी. चेतन शर्मानं लागोपाठ तिघाइच्या दांड्या उडवल्या: रदरफोर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड. मंग अंगात ताप असताना गावस्करनं ८५ चेंडूत शतक मारलं, वन डे मधलं त्याचं एकुलतं एक. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं मले हे सारं चेंडू-चेंडूनं सांगितलं. मी तवाच समजलो का हे साधं प्रकरण नाही.

१२ मार्च २०११, वर्ल्ड कप, नागपूरजवळचं जामठा मैदान, समोर दक्षिण आफ्रिका. सचिनचे १११, एक बाद २६७, अन् तिथून २९६ वर सारे तंबूत. शेवटच्या ओव्हरमधी त्यायले तेरा पाहिजे. चेंडू नेहराच्या हाती. बायको टीव्हीवर ओरडे, "त्याले देऊ नोको रे!" धोनीले काही ऐकू गेलं नाही. पीटरसननं चौका, छक्का, दोन अन् चौका मारून काम खतम केलं. बेसन पातेल्यात वाळून गेलं, कोणी ताट घेतलं नाही.

तिचं म्हणणं, मॅचमधी मेलेला माणूस चेहरा बदलून परत येत नाही, आउट झाला तं झाला. मी म्हणतो, आयपीएलमधी खेळाडू दरवर्षी सासर बदलते, ते काय हाय मंग? अन् विकेट पडली का गडी दोरीपर्यंत पोहोचायच्या आत इलायचीची जाहिरात.

तं प्रश्न असा: फ्री डिशवर मराठीतल्या चालू सिरीयली दिसतात का? नाही दिसत असतीन तं बायकोले काय सांगू?

डिश फिटिंग, मूर्तिजापूर

भाऊ, रोज तीन-चार फिटिंग करतो, म्हणून सांगतो. तुम्ही ज्या मोठ्या मराठी चॅनेलच्या सिरीयली पाहता, त्या चॅनेलचे पैसे लागतात, फ्री डिशवर त्यायची आशा ठेवू नका. सह्याद्री दिसन, फुकट असणारे दुसरे काही चॅनेल दिसतीन, ते येतात-जातात. बॉक्स घेताना एमपेग-४ चा घ्या. जुना स्वस्तातला घेतला तं काही चॅनेल येत नाही, अन् मंग गिऱ्हाईक आमच्याच नावानं बोंबलते.

मॅचचं वहिनीचं बरोबर हाय. २००७ चा कायदा हाय, महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र खासगी चॅनेलवाल्याले प्रसार भारतीले द्याच लागते, तेही स्वतःच्या जाहिराती काढून. भारताच्या वन डे, टी-ट्वेंटी त्याच्यात येतात. आयपीएल त्याच्यात येत नाही. कसोटी सारी दिसनच असं नाही. वहिनी आयपीएल पाहत असतीन तं आधी इचारून घ्या, नाहीतं एप्रिलमधी तुमच्या घरात जे होईन त्याले मी जबाबदार नाही.

अन् एक. तुमची आताची छत्री ज्या तोंडानं हाय त्या तोंडानं चालनच असं नाही. फ्री डिश जीसॅट-१५ वर हाय, ९३.५ अंश पूर्व. आपल्या इकडून छत्री आग्नेयेले करा लागते. समोर कडूलिंब असन तं फांदी छाटा.

वाशीमचा, सध्या हिंजवडी

काका, एवढं टेन्शन कायले घेता? सिरीयली मोबाईलवर पाहा. ॲपवर टीव्हीच्या आधी भाग येतो. हेडफोन लावा, काकू टीव्हीवर मॅच पाहतील. मी तर दोन वर्षांत टीव्ही लावलाच नाही.

जुना केबलवाला, दर्यापूर तालुका

बाळा, तू सांगतो ते बरोबर हाय, पण इथं रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते. अन् मुख्य म्हणजे सिरीयल एकट्यानं कानात बोळे घालून पाहायची चीज नाही. "पाहा, आता हा दार उघडन" असं कोणाले तरी म्हणा लागते. बायको मॅच पाहते तरी मधातून विचारतेच, "मंग, सापडली का ते चिठ्ठी?"

संत्र्याची बाग, वरुड

दोन्ही बंद करा. ओलिताले रात्रीची लाईन मिळते, झोप मिळत नाही, अन् हे लोक चिठ्ठी सापडली का विचारून राहिले. टीव्हीनं कोणाचं भलं झालं?

जुना केबलवाला, दर्यापूर तालुका

माझं झालं ना भाऊ. अठरा वर्षं पोट त्याच्यावरच होतं, दोन पोरी शिकल्या. रात्रीच्या लाईनचं दुःख मले माहीत हाय, आमचा तं खारपाणपट्टा, पाणी असून ओलित नाही.

वडसाकर

का जी, वऱ्हाडीत रडलेलं दिसत नाही म्हणता, ती गोष्ट मनाला लागली. आमच्याकडं झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की नाटकं सुरू होतात, होळीपर्यंत. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, नाहीतर मंडई म्हणजे जत्रा, रात्री नाटक, उजाडेपर्यंत. वडसा म्हणजे नाटक कंपन्यांचं गाव. त्या दिवसांत आमच्या घरी टीव्हीवर फडकं टाकलेलं असते, पाव्हण्यांनी घर भरलेलं असते. तिकीट काढून, सतरंजी अन् शाल घेऊन लोक थंडीत बसतात. कोणती सिरीयल एवढं करायला लावते सांगा.

पण खरं सांगतो, आमच्याकडंही तुमच्यासारखंच आहे. मी पाहिलेल्या बहुतेक नाटकांत नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात. झाडीबोली विनोदी पात्राच्या तोंडी. तो मंचावर आला की मंडप हासते, अन् रडायची वेळ आली की सारे पुण्याचे होतात. मग टीव्हीवाल्यांना एकट्यांना काय बोलायचं?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. आमच्याकडं रिमोट नातवाजवळ आहे, तो कबड्डी लावते.

जुना केबलवाला, दर्यापूर तालुका

वडसाकर भाऊ, हे मले माहीत नव्हतं. एकदा नाटकाले येतो तुमच्याकडं.

डिशवाल्या भाऊचं वाचून दाखवलं घरी. "आयपीएल नाही" म्हटल्याबरोबर बायको गप झाली अन् हरभरा निसाले बसली. आता उद्या पाहू.

जुना केबलवाला, दर्यापूर तालुका

नमस्कार. मी यायची मिसेस. यायचा मोबाईल चार्जिंगले लावला होता, हे सारं उघडं दिसलं, म्हणून वाचलं. काही दुरुस्त्या करतो.

नेहराले देऊ नोको असं मी ओरडली नव्हती. हे ओरडले होते. मी म्हणत होती का हरभजनची ओव्हर बाकी हाय, त्याले द्या. बेसन मात्र वाळलं, ते खरं हाय.

जान्हवीच्या नावानं आता म्हैस काढून राहिले, पण तिचं बाळ झालं तवा यायनीच घरी घुगऱ्या शिजवाले लावल्या होत्या.

२०२५ च्या रणजीच्या फायनलचं काहीच लिहिलं नाही. नागपूरले केरळसोबत, पाच दिवस. दानिश मालेवारचे १५३, करुण नायरचं शतक, अन् आपल्या हर्ष दुबेच्या त्या सीझनमधी ६९ विकेट, रणजीत एका सीझनमधी इतक्या कोणीच काढल्या नव्हत्या. पहिल्या डावात ३७ रन जास्त, तेवढ्यावर कप आला, तिसऱ्यांदा. गावात कोणाले पत्ता नाही, सारे हरभरा काढाले गेले होते. वऱ्हाड टीव्हीवर कुठं हाय म्हणून विचारतात, तवा चॅनेल बदलून सिरीयलचा रिपीट पाहत होते.

अन् २ नोव्हेंबर २०२५ चंही सांगतो. आपल्या पोरी दक्षिण आफ्रिकेसोबत वर्ल्ड कपची फायनल खेळत होत्या. त्या रात्री रिमोट यायनी आपल्या हातानं मले दिला. मध्यरात्र झाली. दीप्तीच्या चेंडूवर हरमनप्रीतनं मागं पळत कॅच धरला अन् हे रडाले लागले. चांगलं वऱ्हाडीत, "माय वं" करून.

रिचार्ज माझ्या अंगणवाडीच्या मानधनातून होते, हे सांगायचं राहून गेलं त्यायच्याकडून. तं तो चालू राहीन, आयपीएल झाल्यावर पाहू. ओसरीतल्या जुन्या टीव्हीले फ्री डिश लावू. भारताची मॅच असली का मी ओसरीत.

डिशवाल्या भाऊले एक विचारायचं होतं. यायच्या केबलच्या धंद्यातली काळी तार घरात तीन गोळे पडली हाय, टाकूही देत नाही. ते फ्री डिशले चालन का?

डिश फिटिंग, मूर्तिजापूर

वहिनी, तारेवर आरजी-६ लिहिलं असन तं चालन. उंदरानं कुरतडली असन तेवढी कापून टाका अन् दोन्हीकडचे कनेक्टर नवे घ्या. गुरुवारी दर्यापूरले येऊन राहिलो, छत्री बसवून देतो. भाऊले म्हणा तार सोडून ठेवा.