'फंडामेंटलिस्ट'ला मराठीत काय म्हणायचं? मूलतत्त्ववादी, पोथीनिष्ठ की आणखी काही?

हातमागवाला:
एका अमेरिकी माणसाचा मोठा लेख मराठीत आणतोय, इथल्याच, सोलापुरातल्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी. माणूस टेक्सासातल्या बाप्टिस्ट, म्हणजे एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या, घरातला. तरुणपणी चर्चमध्ये प्रवचनं करायचा, आता पक्का नास्तिक. कुमारीपोटी जन्म, पुनरुत्थान, सहा दिवसांतली सृष्टी, सगळ्याची तो उलटतपासणी घेतो. मला लेख पटतो, म्हणून तर काम घेतलं. पण पहिल्याच परिच्छेदात अडलोय. तो म्हणतो, मी फंडामेंटलिस्ट होतो आणि मला त्याचा अभिमान होता. मी 'मूलतत्त्ववादी' लिहिलं आणि खर्डा शेजारच्या बाईंना दाखवला. त्या मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, रविवारची उपासना न चुकवणाऱ्या. त्यांनी शब्दाखाली रेघ ओढली: "हा पेपरातला शब्द. दुसऱ्याला लावायचा. स्वतःला कुणी मूलतत्त्ववादी म्हणवून घेतलेलं ऐकलंय का?"

ऐकलेलं नाही. इंग्रजीत मात्र हा शब्द लोकांनी आधी स्वतःहून घेतला होता. १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत ख्रिस्ती धर्माची मूळ तत्त्वं सांगणाऱ्या 'द फंडामेंटल्स' या पुस्तिकांचे बारा भाग निघाले. लायमन स्ट्युअर्ट या तेल कंपनीच्या मालकानं आणि त्याच्या भावानं पैसा घातला, पाद्री-मिशनऱ्यांना त्या फुकट वाटल्या. १९२० साली कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट संपादकानं त्या तत्त्वांसाठी लढायला तयार असलेल्यांना 'फंडामेंटलिस्ट' हे नाव दिलं, तेही कौतुकानं. मला असा मराठी शब्द हवाय, जो माणूस आधी मिरवेल आणि पुढे टाकून देईल.

निवृत्त मास्तर:
मूलतत्त्ववादी हा शब्द मुळातच चुकीचा बसवलेला आहे. मूलतत्त्व शोधणं हे तत्त्वज्ञाचं काम. ज्यानं शोधायचंच थांबवलं त्याला आपण मूलतत्त्ववादी म्हणतो, हा त्या शब्दावर अन्याय आहे. ग्रंथात आहे म्हणून खरं, असं मानणाऱ्यासाठी 'ग्रंथप्रामाण्यवादी' हा स्वच्छ शब्द तयार आहे. तोच वापरा.

मिरजकर:
मास्तर, शब्द स्वच्छ आहे पण टेक्सासातला विशीचा पोरगा तो बोलेल का? "मी ग्रंथप्रामाण्यवादी होतो" हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतलं वाटतं. 'पोथीनिष्ठ' जास्त जिवंत आहे. पण तोही आपण दुसऱ्यालाच लावतो, आणि त्यात निम्मे तर कम्युनिस्ट असतात. मी वीस वर्षं अनुवाद करून पोट भरतोय. माझा सल्ला सरळ आहे: देवनागरीत 'फंडामेंटलिस्ट' ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात १९२०ची गोष्ट सांगा. पेपर, रेल्वे, हॉस्पिटल चालतं तर हेही चालेल.

निवृत्त मास्तर:
चालेल, चालेल म्हणता म्हणता मराठीत क्रियापदांशिवाय काही उरणार नाही.

मंडळीतली:
मी सोलापूरचीच, तिसऱ्या पिढीची ख्रिस्ती. आमच्या घरात असा माणूस स्वतःबद्दल काय म्हणतो ते सांगते. तो म्हणतो, "मी वचनाला धरून चालणारा आहे." वचन म्हणजे पवित्र शास्त्र. आणि स्वतःच्या गोटाला म्हणतो 'विश्वासणारे'. तुमच्या लेखकाचा अभिमान या शब्दांत बसेल. "वचनाला धरून चालत होतो, आता सोडलं" हे आमच्यातला कुणीही एका दमात समजेल.

पण तुम्ही दुसरीकडे टाकलेला उतारा वाचला, त्याबद्दल बोलायचंय. तिथे तुम्ही 'फेथ'ला 'अंधश्रद्धा' लिहिलंय. ते अजिबात पटलं नाही. आम्ही त्याला विश्वास म्हणतो. बायबलातल्या इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात त्याची व्याख्याच आहे, भरवसा आणि खातरी हे दोन शब्द घालून. तुम्हाला तो भरवसा खोटा वाटत असेल तर तसं म्हणा. पण आमच्या तोंडी आमचाच शब्द ठेवा.

हातमागवाला:
ताई, 'वचनाला धरून' लिहून घेतलं. 'अंधश्रद्धा'बद्दल मात्र लगेच मागे येत नाही. लेखकाची व्याख्या अशी आहे की पुरावा नसताना, किंबहुना पुरावा उलट असताना धरलेला भरवसा म्हणजे फेथ. तो उदाहरणं देतो. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत गळफास घेतो, 'प्रेषितांची कृत्ये' या दुसऱ्या पुस्तकात तो जमिनीवर पडून त्याचं पोट फुटतं. येशूच्या वंशावळीत योसेफाचा बाप मत्तयाला याकोब वाटतो, लूकाला एली. आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात बायबलातल्या पिढ्या मोजून सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व ४००४ ठरवला. खडक सांगतात पृथ्वी सुमारे साडेचारशे कोटी वर्षांची आहे. तरीही लेखकाच्या चर्चमध्ये सांगितलं जायचं की शास्त्रात एका अक्षराचीही चूक नाही. याला विश्वास म्हणायचं तर त्या शब्दाची किंमत कमी होते असं मला वाटतं. मित्रावर ठेवतो तो विश्वास अनुभवावर उभा असतो.

मंडळीतली:
मग तुमच्या लेखकाचं भांडण एका प्रकारच्या चर्चशी आहे. यहूदाच्या दोन गोष्टी माझ्या वडिलांना माहीत होत्या, आणि ते आयुष्यभर प्रार्थना करत राहिले. पंडिता रमाबाईंचंच बघा. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या धर्मभगिनींशी पत्रातून वाद घातले. एका पुरोहितशाहीचं जोखड कष्टानं उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नंतर त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि तेही साध्या मराठीत, देवळातल्या पोथ्यांचा वास असलेले संस्कृत शब्द शक्य तिथे टाळून. नारायण वामन टिळकांनी नेमकं उलट केलं, अभंग लिहिले, येशूला गुरुमाउली केलं. दोघंही विश्वासणारेच. यातलं अंध कोण?

निवृत्त मास्तर:
ताईंचा मुद्दा भाषेच्या अंगानं बरोबर आहे, पण शब्द 'श्रद्धा' हवा. श्रत् अधिक धा. लॅटिनमध्ये ख्रिस्ती मतस्वीकार ज्या शब्दानं सुरू होतो तो 'क्रेडो' हा याच श्रद्धेचा सख्खा भाऊ आहे, दोन्ही एकाच प्राचीन मुळातून आले, हे भाषाशास्त्रात मान्य आहे. मुळात अर्थ 'हृदय ठेवणे' असा असावा असं पुष्कळांचं मत आहे. 'विश्वास' हा श्वस् धातूवरून, निःशंकपणे श्वास घेणं. म्हणजे मिशनऱ्यांच्या हाताशी नेमका शब्द असताना त्यांनी शेजारचा उचलला.

मंडळीतली:
श्रद्धा म्हटलं की इथल्या माणसाला गड्ड्याच्या जत्रेतला नंदीध्वज आठवतो, मास्तर. वेगळा शब्द घेण्यामागे हेच कारण असावं असं मला वाटतं.

मिरजकर:
आणि 'अंधश्रद्धा' शब्दाचं ओझं वेगळंच आहे. १९८९ला दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, तेव्हापासून तो शब्द नरबळी, करणी, भोंदू बुवा यांना चिकटलाय. कायदा २०१३ साली झाला, दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर. त्याच्या लांबलचक नावात अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे, पण अंधश्रद्धा हा शब्द नाही. कारण तो कुठून सुरू होतो आणि श्रद्धा कुठे संपते हे ठरवणं अवघड. हातमागवाला, तुम्ही तो शब्द वापरलात की वाचक लेखकाला बुवाबाजीविरोधी कार्यकर्ता समजेल. त्याचा मुद्दा त्याहून खोल आहे. तो देवाचं अस्तित्वच तपासतोय.

पूर्वभाग:
मी पद्मशाली, घरी तेलुगू, दारात मराठी. तुम्ही नास्तिक शब्द इतक्या सहज घेतलाय म्हणून लिहितो. मनुस्मृती म्हणते 'नास्तिको वेदनिन्दकः'. तिथे देव मानता की नाही हा प्रश्नच नाही, वेद मानता का एवढंच. त्या हिशेबानं ताईंची अख्खी मंडळी नास्तिक, आणि ईश्वर न मानणारे पण वेद मानणारे मीमांसा दर्शनाचे पंडित आस्तिक. रोमन लोकही सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना नास्तिकच म्हणायचे, कारण ते रोमच्या देवांना मानत नव्हते. म्हणजे हा शब्द बहुतेक वेळा 'आपला देव न मानणारा' एवढंच सांगतो.

आमच्याकडे गोरा होऊन गेले, गोपराजु रामचंद्र राव. देव मानत नाही म्हणून कॉलेजातली नोकरी गेली, तरी नास्तिक शब्द सोडला नाही. १९४० साली नास्तिक केंद्र काढलं, पुढे ते विजयवाड्याला नेलं. माझे आजोबा मागावर बसून त्यांच्याबद्दल बोलायचे. त्यामुळे मला 'निरीश्वरवादी' हा सावध शब्द आवडत नाही. लेखक धाडसानं बोलत असेल तर नास्तिकच लिहा.

आता शब्द बाजूला ठेवून एक विचारतो. ३० सप्टेंबर १९९३. विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी जमीनदोस्त झाली. इथे आमची भांडी फळीवरून खाली आली. लिस्बनला १ नोव्हेंबर १७५५ रोजी सर्व संतांच्या सणाला, चर्च माणसांनी भरलेली असताना भूकंप झाला. देव सर्वसमर्थही आहे आणि प्रेमळही आहे, तर दोन्हीकडे पूजा करणारी माणसंच का गाडली गेली? मला याचं उत्तर कुठल्याच देवळात, चर्चमध्ये मिळालं नाही.

मंडळीतली:
माझ्याकडेही उत्तर नाही, आणि जो पाळक उत्तर आहे म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. बायबलातल्या ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाची कारणं सांगत बसले, आणि शेवटी देवाचा राग त्या मित्रांवरच झाला. किल्लारीनंतर 'हा न्याय होता' असं म्हणणारे भेटले होते मला. त्यांना काय म्हणायचं, ते मला विचाराल तर धर्मांध.

हातमागवाला:
इथे आपलं एकमत आहे ताई. पण लेखक पुढे म्हणतो की कारण न सांगणारा भाविकही त्याच देवाला त्याच रविवारी धन्यवाद देतो, पीक आलं म्हणून. पिकाचं श्रेय त्याला आणि भूकंपाचं गूढ कुणालाच नाही, हा हिशेब मला आजही जमत नाही. 'विश्वास' लिहायला मी तयार आहे. त्यावरची टीका मात्र सौम्य करणार नाही.

मंडळीतली:
करूच नका. टीका वाचायला मी घाबरत नाही.

निवृत्त मास्तर:
शिवीचा विषय निघालाच आहे तर 'पाखंड' बघा. आज पाखंडी म्हणजे ढोंगी. अशोकाच्या लेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, त्यात निंदा नाही. बाराव्या शिलालेखात तो सगळ्या पासंडांचा मान राखतो आणि सांगतो की आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करताना जीभ आवरा. हा लेख सोलापूरहून फार लांब नाही, कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीला सापडलेल्या शिळेवर आहे. एका पंथाचा साधा शब्द शिवी झाला. फंडामेंटलिस्टचंही तेच झालं.

अक्कलकोट रोड:
'कट्टर' का नको? माझी समजूत अशी की तो कन्नड 'कट्टु' म्हणजे बांधणे यावरून आलाय. मताला बांधलेला तो कट्टर.

मिरजकर:
'कट्टा' कन्नडमधून आला हे ठीक. 'कट्टर'ला तसा आधार दाखवा, नुसता आवाज सारखा असून भागत नाही. शिवाय आज कट्टर चाहता, कट्टर शिवसैनिक सगळीकडे चालतं, त्यात ग्रंथ येतच नाही.

अक्कलकोट रोड:
आधार नाही, कानाला पटतं एवढंच. पण कन्नड पेपरात फंडामेंटलिस्टला 'मूलभूतवादी' म्हणतात, म्हणजे तिथेही तुमचाच घोळ.

पूर्वभाग:
तेलुगूत 'छांदसवादी' म्हणतात.

निवृत्त मास्तर:
छांदस! छंदस् म्हणजे वेद, छांदस म्हणजे वेद मुखोद्गत असलेला, अक्षराला चिकटलेला. यात ग्रंथही आला, हटही आला, आणि पूर्वी हा शब्द मानाचा होता. हातमागवाल्यांना हवं ते सगळं यात आहे. आपणच हा शब्द घेतला पाहिजे.

मिरजकर:
मराठी वाचकाला यात 'छांदिष्ट' ऐकू येईल, मास्तर. शिवाय बायबल मानणाऱ्याला वेदाचा शब्द?

निवृत्त मास्तर:
'शास्त्र' शब्द ताईंच्या मंडळीनं घेतलाच ना? पवित्र शास्त्र. मग छांदस का नाही?

मंडळीतली:
शास्त्र आमच्या जिभेवर दीडशे वर्षं रुळलंय. छांदस मी आज पहिल्यांदा ऐकला.

पूर्वभाग:
आमच्या घरी रोज ऐकतो, सोवळं जास्त करणाऱ्या आत्याला छांदसच म्हणतात. तिला पोथीतलं अक्षर येत नाही. त्यामुळे अर्थ ग्रंथाचाच आहे असं मास्तरांनी धरून चालू नये.