मदत हवी आहे: उपग्रहाच्या चार्जिंगचं सिम्युलेशन, सांगाड्याचं पोटेन्शियल उड्या मारतंय

नमस्कार मंडळी,

एमटेकच्या प्रबंधासाठी भूस्थिर कक्षेतल्या उपग्रहाचं चार्जिंग (अवकाशातल्या कणांमुळे पृष्ठभागावर साचणारा विद्युतभार) स्पिस (SPIS) या सिम्युलेशन सॉफ्टवेअरवर चालवतेय. दोन आठवडे एकाच जागी अडकलेय.

खरा उपग्रह नंतर. सध्या १ मीटर त्रिज्येचा ॲल्युमिनियमचा गोळा घेतलाय (हाच सांगाडा), अर्ध्या भागावर १२७ मायक्रॉनचं कॅप्टन (Kapton, वीज न वाहणारी प्लॅस्टिकची फिल्म). गोळा पृथ्वीच्या सावलीत, म्हणजे फोटोइलेक्ट्रॉनची (उन्हामुळे पृष्ठभागातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनची) भानगड नाही. प्लाझ्मा (भोवतालचा विद्युतभारित कणांचा वायू) नेहमी वापरतात तो, वाईटातला वाईट: स्कॅथा उपग्रहाच्या २४ एप्रिल १९७९ च्या मोजणीवरून घेतलेला. गरम इलेक्ट्रॉन घनसेंटिमीटरला १.२, तापमान २७.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट.

मला १५ मिनिटांचं चित्र हवंय, म्हणून टाइमस्टेप (गणिताची एक वेळ-पायरी) ०.५ सेकंद ठेवली. पहिल्याच स्टेपला सांगाडा उणे लाख व्होल्टच्या पलीकडे, पुढच्याला उसळून वर. आलेख कसला, करवतच ती! ५ मिलिसेकंदांवर सगळं शहाण्यासारखं वागतं, पण मग १ लाख ८० हजार स्टेप होतात. लॅबचं मशीन इतके दिवस मला कोण देणार? सर म्हणतात "मेश बघ", म्हणजे जागेचे गणितासाठी पाडलेले छोटे तुकडे. मेश तीनदा बदलून झाली.

निवांत_इलेक्ट्रॉन: मेश आणखी बारीक करून बघा. डिबाय लांबीपेक्षा (प्लाझ्मा जेवढ्या अंतरात विद्युतभाराचा प्रभाव झाकून टाकतो त्यापेक्षा) लहान हवी.

जुना_खलाशी: तो नियम खालच्या कक्षेत, तिथे डिबाय लांबी काही मिलिमीटर असते. इथे ती शेकडो मीटर आहे, मेशचा काही दोष नाही.

ताई, साधा भागाकार करा. गोळ्याची अवकाशाशी कपॅसिटन्स (एका व्होल्टला किती विद्युतभार मावतो ते) १११ पिकोफॅरड. इलेक्ट्रॉनचा प्रवाह चौरस मीटरला ५ मायक्रोअँपिअरच्या आसपास, म्हणजे सगळा मिळून ६७. अर्ध्या सेकंदात होतात ३ लाख व्होल्ट! सेकंडरी इलेक्ट्रॉन (येणाऱ्या कणांच्या धडकेने पृष्ठभागातून बाहेर पडणारे) वजा केले तरी लाख कुठे गेले नाहीत. याउलट तुमच्या कॅप्टनची कपॅसिटन्स दीड मायक्रोफॅरड, ते सांगाड्याच्या तुलनेत सेकंदाला फार तर वीसेक व्होल्टनी सरकतं. एक ससा, एक कासव, आणि तुम्ही दोघांना एकाच घड्याळावर पळवताय.

सिम्युलेशनमध्ये सांगाड्याची अवकाशाशी कपॅसिटन्स शंभरपट करा, ११ नॅनोफॅरड. कॅप्टनची आहे तीच ठेवा.

धागाकर्ती: पण ही लबाडी नाही का? परीक्षकांनी विचारलं तर?

जुना_खलाशी: सांगाडा शेवटी कुठे स्थिरावतो ते येणारे-जाणारे प्रवाह ठरवतात, कपॅसिटन्स नाही. ती फक्त किती वेळात तिथे पोहोचायचं ते ठरवते. ११ नॅनोफॅरड अजूनही कॅप्टनच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी, त्यामुळे सांगाडा आणि कॅप्टनमधला फरक बिघडत नाही. फक्त पहिल्या काही सेकंदांचा आलेख प्रबंधात छापू नका, तो खोटा आहे. आणि उपग्रह सावलीतून बाहेर येतानाचं दाखवायचं असेल तर मूळ कपॅसिटन्स परत लावून तेवढाच तुकडा छोट्या स्टेपने चालवा. तिथे सांगाडा झपकन वर येतो, त्याच्या आणि कॅप्टनमधला फरक मात्र हळूहळूच बदलतो.

धागाकर्ती: रात्री लावून ठेवलं होतं. करवत गेली! सांगाडा एकदा खाली घसरला आणि तिथेच बसला, कॅप्टन हळूहळू वेगळं होतंय. आता सावलीतून बाहेरचा तुकडा लावलाय. सरांना मेशचं काय सांगू, तेवढं सुचवा.